कुकरवर पडलेला पोरगा, आणि उन्हातल्या कामाचं घड्याळ

हळदीचा_धूर | १२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली.

वसमतजवळ आमची पाच एकर हळद आहे. सध्या शिजवणी चालू आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार ड्रमचा कुकर असतो, त्याला बॉयलर, खाली लाकडाचा जाळ. ड्रम कंदांनी भरायचा, वाफ सोडायची. काडी कंदात अलगद शिरली की ड्रम उलटायचा आणि वाफाळती हळद टोपल्यांनी उचलून वावरात पसरायची. वरून ऊन, समोरून जाळ, मधून वाफ. रोज असे किती ड्रम निघतात त्यावर टोळीचं गुत्तं (ठेका).

मंगळवारी माझा मावसभाऊ पडला. वय २६. चाकणला कंपनीत होता, काम सुटलं म्हणून दीड वर्षानं गावी आला. अंगानं तगडा, रोज जोर-बैठका. टोळीबरोबर उतरला त्याचा तिसरा दिवस. दुपारी दोनच्या सुमाराला त्याला हाक मारली तर त्यानं कंपनीतल्या कुणाच्या तरी नावानं ओ दिली. आम्ही हसलो. सांगायला लाज वाटते, पण सगळे हसलो. मग त्यानं रिकामं टोपलं डोक्यावर घेतलं आणि उलट्या दिशेला, विहिरीकडं चालायला लागला. बांधापाशी गुडघ्यावर बसला, ओकला आणि आडवा झाला. अंगाला हात लावला तर तवा. घाम मात्र निथळत होता, म्हणून आमची समजूत अशी की ऊन लागलेलं नाही. ऊन लागलं की घाम बंद होतो, असंच लहानपणापासून ऐकलेलं.

टोळीत एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही. बॉयलरसाठी भरून ठेवलेल्या पिंपातली घागर उचलली आणि त्याच्या अंगावर ओतायला सुरुवात केली. शर्ट फाडला, बटणं काढत बसल्या नाहीत. एका पोराला टोपल्यानं वारा घालायला लावला. गाडी येईपर्यंत पिंप निम्मं रिकामं झालं होतं. बॉयलरचं पाणी संपतंय म्हणून मुकादम ओरडत होता, त्याला त्यांनी जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कुणी टाकलं?" पोरगा आता बरा आहे, घरी झोपून आहे.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. मावशी बारमाही उन्हात, त्यांना काही नाही, आणि व्यायाम करणारा पोरगा तिसऱ्या दिवशी कसा पडला? गावात म्हणतात, शहरात राहून नाजूक झाला. दुसरं, दुपारी थांबा म्हटलं तर टोळीच थांबत नाही. गुत्त्यात थांबलेला वेळ त्यांच्याच खिशातून जातो. मग करायचं काय?

---

उपकेंद्रातून | १२ एप्रिल, रात्री १०.१५

आधी त्या मावशींना माझा नमस्कार सांगा. आम्हाला प्रशिक्षणात जे शिकवतात तेच त्यांनी केलं, आणि आमच्यापेक्षा लवकर केलं.

भाऊ, त्यानं भलत्या नावानं ओ दिली ना, धोक्याची घंटा तीच होती. चक्कर, मळमळ, पायात गोळे येणं, डोकं धरणं हे थकव्याचं लक्षण. सावलीत घेऊन पाणी, मीठ-साखर दिली की माणूस तासाभरात सावरतो. पण बोलणं बरळल्यासारखं झालं, चाल बिघडली, माणूस चिडका किंवा खुळ्यासारखा वागायला लागला, तर तो उष्माघात धरायचा. घाम असो नसो. १०८ ला फोन लावायचा आणि गाडीची वाट बघत न बसता तिथंच गार करायला सुरुवात करायची. भरपूर पाणी, वारा. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत.

एक विनंती आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एकाला आणलं, वीटभट्टीवरचा. सगळ्यांनी मायेनं तोंडात लिंबू सरबत घातलं होतं आणि ते छातीत गेलं होतं. अंग मात्र कोरडंठाक. पाणी बाहेरून घालायचं होतं, ते आतून घातलं.

---

वाचनमात्र_४ | १२ एप्रिल, रात्री १०.३२

मावशींना दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

आबा_७२ | १३ एप्रिल, सकाळी ६.०५

हल्लीची पोरं नाजूकच. ७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडली आहे. अंबडच्या बाजूला रस्त्याचं काम, डोक्यावर मुंडासं, खिशात कांदा, दुपारी सुकडी. एकही माणूस पडलेला आठवत नाही. कांदा खिशात ठेवा, ऊन बाधत नाही. आजकाल सगळ्याला औषध लागतं.

---

थर्मामीटर | १३ एप्रिल, सकाळी ७.५०

आबा, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण तुमच्याच प्रतिसादात धूर यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दडलंय.

तुम्ही खडीवर गेलात ते शेतातून गेलात. अंग उन्हाला सरावलेलं होतं. धूर यांचा भाऊ पंख्याखालून आला. जोर-बैठकांनी स्नायू तयार होतात. उन्हासाठी अंग तयार होणं हे वेगळं प्रकरण आहे, आणि ते फक्त उन्हात, हळूहळू काम करूनच होतं. साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मावशींचं अंग हे दरवर्षी शिवरात्रीपासून करत आलंय. पोराचं अंग तिसऱ्या दिवशी अजून शिकतच होतं. नाजूकपणाचा यात काही संबंध नाही. चार आठवडे एसीत काढले तर मावशींचंही शिकलेलं पुष्कळसं पुसलं जाईल.

अमेरिकेत उघड्यावरच्या कामात उष्णतेनं झालेल्या मृत्यूंच्या नोंदी त्यांच्या कामगार सुरक्षा खात्याने तपासल्या. निम्मे ते सत्तर टक्के मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतले निघाले. म्हणून त्यांचा ठोकताळा असा: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम फक्त २० टक्के, मग रोज २० टक्के वाढवायचं. आठ तासांच्या हिशेबात पहिल्या दिवशी दीडेक तास. जुनाच माणूस बऱ्याच दिवसांनी परत आला असेल तर ५०, ६०, ८०, १०० अशी चढण. लग्नासाठी पंधरा दिवस गावी जाऊन आलेलाही यातच आला.

घामाबद्दल. म्हातारी माणसं, आजारी माणसं घरात बसल्या बसल्या उष्माघातानं जातात, त्यांची कातडी बहुधा कोरडी असते. कष्टाच्या कामात पडणाऱ्याला घाम असू शकतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि मेंदू गोंधळला, की निदान झालं. आणि हो, तापाची गोळी देऊ नका. तापात शरीर स्वतःच पारा चढवतं, गोळी तो उतरवते. इथं पारा बाहेरून चढलाय, पॅरासिटामॉलला त्यात काही काम नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं: ११ ते ४ काम बंद ठेवा. कामाचं घड्याळ आपणच ठरवायचं.

---

गुत्तेदार_बिचारा | १३ एप्रिल, दुपारी १.२०

दुपारी सावलीत बसूनच लिहायलो, म्हणून आधीच माफी.

साहेब, वीस टक्के, चाळीस टक्के हे कंपनीत. आमच्याकडं टोळी दहा जणांची, गुत्तं टोळीचं. एकानं दीड तास काम केलं तर बाकीचे नऊ जण त्याला वाटा कामून देतील? दुसरं, बॉयलर एकदा तापला की विझवायचा म्हणजे लाकूड गेलं. अकराला बंद, चारला चालू, असं केलं तर परत पाणी उकळायलाच तास जातो. आणि त्या दिवशी फोनवर उष्णतेच्या लाटेचा इशाराबी नव्हता. सरकारच म्हणत नाही लाट हाय म्हणून, तर आम्ही कामून थांबावं?

---

थर्मामीटर | १३ एप्रिल, दुपारी ३.०५

लाटेचं गणित समजून घ्या, गुत्तेदार. मैदानी भागात हवामान खातं लाट कधी म्हणतं? पारा किमान ४० आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून वर. किंवा थेट ४५. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सरासरीच ४०-४१ च्या घरात असते. म्हणजे ४२ अंशांना परभणीत लाट नसते, नेहमीचा मंगळवार असतो. इशारा आला तर नक्की थांबा, पण इशारा नाही म्हणजे धोका नाही असं कुणीच म्हटलेलं नाही.

शिवाय तो ४२ चा आकडा सावलीतला. पांढऱ्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर ठेवलेल्या तापमापीचा. उघड्या उन्हात अंगाला आठेक अंशांपर्यंत जास्त जाणवू शकतं. आणि कुकरपाशी तिसरी भानगड आहे, ती वाफ. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडाला तर अंग गार होतं. दमट हवेत उडत नाही, नुसता निथळतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्यात १४ माणसं गेली. त्या दिवशी तिथं पारा चाळीसच्या आतच होता, पण खाडीकाठची हवा आणि तासन् तास उघडं बसणं. तुमच्या बॉयलरने वसमतच्या रानात खारघर करून ठेवलंय.

---

तारेवरचा | १३ एप्रिल, सायंकाळी ७.४०

घड्याळ आपण ठरवायचं म्हणता? माझं घड्याळ तुमचे कूलर ठरवतात राव. 😄

वायरमन आहे, जालना जिल्हा. सगळ्यात जास्त लोड दुपारी, म्हणून फ्यूज जातो दुपारी, तार गळते दुपारी, जंपर जळतो दुपारी. पाच मिनिटं उशीर झाला की सरपंचापासून सगळ्यांचे फोन. लोखंडी खांबाला दोन वाजता हात लावून बघा. रबरी हातमोज्यात घाम साचतो, तो हात खाली केला की कोपरापर्यंत वाहतो. हेल्मेट काढायची सोय नाही.

मी आता काय करतो ते सांगतो. एकट्यानं चढत नाही, खाली एक जण उभा, आणि त्याचं काम फक्त माझ्याशी बोलत राहणं. वरून नीट उत्तर आलं नाही तर खाली उतरवायचं, हे ठरलेलं. शिडीवर पंधरा मिनिटं झाली की उतरायचं, पाणी, मग परत. तहान लागायची वाट बघत नाही. आधी पाच लिटरचा कॅन गाडीला बांधायचो, त्याचं दुपारी चहाचं पाणी व्हायचं. आता त्याला बारदाना शिवून घेतलाय, सकाळी भिजवला की तीनपर्यंत गार.

आणि धूर, शेतीला थ्री फेज रात्रीची दिली की तुम्हीच शिव्या देता, दिवसाची दिली की दुपारी बारे धरायला (पिकाला पाणी द्यायला) तुम्हीच उन्हात. त्याचं घड्याळ माझ्याही हातात नाही, तुमच्याही नाही.

---

पुणेरी_पण_परभणीचा | १३ एप्रिल, रात्री ९.१०

सगळे पाणी-पाणी करताय, सनस्क्रीनचं कुणीच बोलत नाही. मी परवा गावी आलो तेव्हा चुलत्यांसाठी एसपीएफ ५० ची ट्यूब आणली. काकू म्हणाल्या, चेहऱ्याला लावून म्हशींना दाखवू का?

---

उपकेंद्रातून | १३ एप्रिल, रात्री ९.३५

काकूंचं उत्तर आवडलं, पण वांग (चेहऱ्यावरचे काळे डाग) आलेल्या बायका माझ्याकडे रोज येतात. शेतातल्या बाईला वांग आला की तो गर्भारपणाचा किंवा रक्त कमी असल्याचा म्हणून सोडून देतात. ऊन त्याला गडद करत राहतं.

खर्च बघा. चेहरा आणि मानेला एका वेळी दोन बोटं भरून लागतं, घामात दर दोन तासांनी परत. एवढं लावायचं तर ट्यूब आठवड्याला संपेल. रोजंदारीवरच्या बाईला हे सांगणं म्हणजे चेष्टा. तिला मी पदर सांगते, लांब बाह्यांचा नवऱ्याचा जुना शर्ट सांगते. तो बहुतेक जणी घालतातच. आणि सनस्क्रीन कातडीला उन्हापासून वाचवतं, माणसाला उष्माघातापासून नाही, हे त्या ट्यूबवाल्या दादांनी लक्षात ठेवावं.

---

थर्मामीटर | १३ एप्रिल, रात्री १०.२०

बाईंच्या मुद्द्याला जोडून. कातडीचा शत्रू आणि अंगाचा शत्रू वेगवेगळ्या वेळी येतात. अतिनील किरण सूर्य डोक्यावर असताना सर्वांत तीव्र. आपल्याकडे सूर्य घड्याळात १२ ला माथ्यावर येत नाही. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, वसमत ७७ च्या आसपास, म्हणजे खरी मध्यान्ह १२.२० च्या आसपास. मेच्या मध्यावर मराठवाड्यात शून्य सावली दिवस येतो तेव्हा उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा झालेली याच वेळेला दिसेल. हवा मात्र तापत राहते आणि तिचा कळस तीनच्या आसपास होतो. म्हणून १२ ला काम थांबवून २ ला पुन्हा सुरू करणारा माणूस एकातून सुटतो आणि दुसऱ्याच्या तोंडी जातो. ११ ते ४ ही वेळ मी म्हणतो ती दोन्ही धरून.

कपड्यांचं एक सांगतो. पातळ पांढरा सुती सदरा दिसतो गार, पण अतिनील किरणांना फार अडवत नाही, आणि भिजला की आणखी कमी. घट्ट विणीचा, जरा गडद कपडा जास्त अडवतो. ओला पंचा सदऱ्यावरून मानेला घ्या. मुंडाशाबद्दल आबांना पैकीच्या पैकी गुण: घड्यांमध्ये हवा राहते, कान आणि मान झाकतात. कारखान्याची जाहिरात असलेली टोपी यातलं काहीच करत नाही.

डोळे सगळेच विसरतात. पांढऱ्या बुबुळाकडून काळ्याकडे मांसाचा पडदा सरकत येतो, त्याला टेरिजियम म्हणतात, तो ऊन, धूळ आणि वाऱ्यात काम करणाऱ्यांचा. मोतीबिंदूही लवकर. रस्त्यावरचा नुसती काळी काच असलेला चष्मा घेऊ नका. काळोख झाला की बाहुली मोठी होते आणि काचेनं अतिनील अडवलं नाही तर उलट जास्त आत जातं. यूव्ही ४०० लिहिलेला घ्या, काच फिकी असली तरी चालेल.

---

पुणेरी_पण_परभणीचा | १३ एप्रिल, रात्री १०.४१

काकूंना चष्मा घेऊन जातो. म्हशींना तोही दाखवतील.

अवांतर: चुलत्यांची मान आणि हात काळे, जाडसर, खाजरे झालेत. ऊनच ना?

---

उपकेंद्रातून | १३ एप्रिल, रात्री १०.५८

ऊनच असेल असं नाही. बांधावर काँग्रेस गवत किती आहे ते आधी बघा. त्याचे कण हवेतून बसतात आणि नेमकी उघडी कातडी धरतात, म्हणून सगळे उन्हाला दोष देतात. हे गवत १९५५ मध्ये पुण्यात नोंदलं गेलं आणि आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. कानामागची, हनुवटीखालची, पापण्यांची कातडीही खाजत असेल तर गवताचा संशय धरा. तिथं ऊन कमी पोचतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधून ट्यूब आणून चोळू नका.

---

कोयत्याची_लेक | १४ एप्रिल, दुपारी १२.१५

आज सुट्टी म्हणून सगळा धागा वाचून काढला. पाणी प्या, पाणी प्या, सगळ्यांनी लिहिलंय. बाईनं प्यावं कसं, हे एकानंही लिहिलं नाही.

माझी आई पंचवीस पट्टे (हंगाम) कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेली, पाटोद्याच्या बाजूचे आम्ही. फडात आडोसा फक्त उसाचा, आणि तोडत जाल तसा तोही संपतो. पट्टा संपत येताना, मार्चात, ऊन सुरू होतं आणि आडोसा उरलेला नसतो. म्हणून आई सकाळी कोपीवरून (झोपडीवरून) निघताना चहासुद्धा अर्धा कप प्यायची. दिवसभर पाणी नाही म्हणजे दिवसभर उठायचं नाही. उन्हाळी लागली की धन्याचं पाणी प्यायची रात्री. हे दरवर्षी. तिला तहान लागत नव्हती असं नाही.

निकाराग्वा, एल साल्वादोर इकडच्या ऊसतोड मजुरांविषयी मी वाचलंय. तिशी-चाळिशीतल्या माणसांची किडनी जाते, ना शुगर ना बीपी. उन्हात मरणाचं काम आणि कमी पाणी, याकडं संशोधकांचं बोट आहे. तिथं त्यांनी पाणी, विश्रांती आणि सावली अशी योजना केली. फिरता तंबू फडाबरोबर पुढं नेतात, ठरलेल्या वेळी सगळे थांबतात. थांबूनही तोड कमी झाली नाही, उलट वाढली. गुत्तेदारांसाठी मुद्दाम लिहिते.

माझं म्हणणं एवढंच. जिथं बाया कामाला आहेत तिथं चार बांबू आणि एक ताडपत्री पाण्याच्या जारच्या आधी आणा. मग जार आणा.

---

हळदीचा_धूर | १४ एप्रिल, दुपारी १२.५०

ताई, आमच्या टोळीत सहा बायका आहेत. आजपर्यंत हा विचार डोक्यात आला नाही. जार रोज निम्मा भरलेला परत जायचा आणि मी म्हणायचो, पाणी पुरतं आपल्याकडं.

---

आबा_७२ | १४ एप्रिल, सायंकाळी ५.३०

या पोरीचं वाचून आठवलं. खडीवर आमच्यात एक बाई होती, तिला एकदा भोवळ आली आणि घोळणा फुटला. मुकादमानं तिची हजेरी अर्धी लावली. कुणी पडलं नाही म्हणालो ते चूक आहे. पडत होते, त्याला ऊन लागलं असं कुणी म्हणत नव्हतं. कामं दिवस कासराभर वर यायच्या आधी सुरू व्हायची, एवढं मात्र खरं.

कांद्याचं काय म्हणता मग?

---

उपकेंद्रातून | १४ एप्रिल, सायंकाळी ६.१०

आबा, कांदा भाकरीबरोबर खा. खिशातला कांदा फक्त खिसा वासाडतो. 🙂

सरकारी कामांचा विषय निघालाच आहे म्हणून: मनरेगाच्या २००५ च्या कायद्यात, दुसऱ्या अनुसूचीत, कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी, विसाव्याला आणि लेकरांना सावली आणि प्रथमोपचार पेटी द्यायची असं लिहिलं होतं. मी ज्या ज्या कामावर गेले तिथं पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात होती.

किती प्यायचं तेही सांगते, कुणीतरी विचारणारच. भर उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला. एकदम तांब्या-तांब्या नाही, आणि तासाला दीड लिटरच्या वर तर अजिबात नाही. नुसतं पाणी ढोसलं आणि मीठ गेलं तर त्यानंही माणूस पडतो. ताक, मिठाची आंबील, भाकरीबरोबर ठेचा, हे चांगलंच. ओआरएसची मोठी पुडी असेल तर एक लिटरमध्ये पूर्ण फोडायची. अर्धी आज, अर्धी उद्या करू नका. घरी करायचं तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. टपरीवर रंगीत डब्यात मिळतं ते ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) तसल्या पेयांवर तो शब्द छापायला मनाई केली, पण जुनी सवय जात नाही. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल, किडनीचा त्रास असेल, तर मिठाचं डॉक्टरांना विचारून. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

---

गुत्तेदार_बिचारा | १४ एप्रिल, रात्री ८.४५

ताईचं वाचलं. माझी माय पण कोयत्यावर होती, जास्त लिहीत नाही.

धूर, बॉयलरचं असं करा. पहाटे चारला पेटवा, दहा-साडेदहाला शेवटचा ड्रम. सकाळचीच धग निखाऱ्यात ठेवायची, वर राख ओढायची. साडेचारला फुंकर मारली की लवकर वाफ धरते. संध्याकाळी साडेआठपर्यंत चालवा. दोन हॅलोजन लावा आणि बॅटऱ्या द्या, विंचू-काट्याचे दिवस आहेत. पसरायची हळद दुपारी कुणी हलवायची नाही, ती आपोआप वाळायली. नव्या पोराचा वाटा टोळी कापती, तो तुम्ही चार दिवस वरून द्या. पडल्यावर दवाखान्याला दिलं त्यापेक्षा स्वस्त पडतं, हिशेब मांडून बघा.

---

तारेवरचा | १४ एप्रिल, रात्री ९.०२

गुत्तेदार बदलले. धाग्याचं नाव बदला. 😄

---

हळदीचा_धूर | २६ एप्रिल, रात्री १०.०५

उशिरा लिहितोय, शिजवणी आज संपली.

काय जमलं आणि काय फसलं ते सांगतो. पहाटे चार ते साडेदहा आणि दुपारी साडेचार ते साडेआठ, असं टोळीला सांगितलं. पहिल्या दिवशी मुकादम म्हणाला, मधल्या वेळात पलीकडच्या शेतकऱ्याचं काम धरतो. आणि खरंच धरलं. म्हणजे माझ्याकडं सावलीत बसायचा वेळ त्यांनी शेजारच्या वावरात उन्हात घालवला. तीन दिवस असं चाललं. मग मी आणि शेजारी दोघं बसलो आणि दोघांनी एकच वेळ ठरवली. दोघांनी मिळून ड्रममागं थोडं वाढवून दिलं. किती ते लिहीत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तालुकाभर तोच दर होईल.

ताडपत्रीचा आडोसा पहिल्याच दिवशी केला, लिंबाच्या झाडामागं. संध्याकाळी बघितलं तर जार रिकामा. दुसऱ्या दिवशी दोन जार मागवले, तेही रिकामे. मला काय बोलावं सुचलं नाही. मावशी म्हणाल्या, "बघतो काय, भर की."

भाऊ परवा वावरात आला. डॉक्टरांनी निदान आठवडाभर कष्टाचं काम नको म्हटलं होतं, घरच्यांनी दोन आठवडे काढायला लावले. आल्या आल्या टोपलं उचलायला निघाला. मावशींनी त्याला झाडाखाली बसवला आणि गड्डे-अंगठे (हळदीच्या कंदांचे प्रकार) वेगळे करायला लावले. पोरं म्हणाली, बायकांचं काम. तो बसला गुमान. एक तास झाला की मावशी स्वतः येऊन त्याला त्याचं नाव विचारायच्या. त्याला राग यायचा, पण सांगायचा.

आता पॉलिशचं काम आहे मेमध्ये. तिथं झाड नाही. शेडनेट घ्यायचं म्हणतोय. ५० टक्क्यांचं घ्यावं की ७५?

---

गुत्तेदार_बिचारा | २६ एप्रिल, रात्री १०.२२

७५ चं घ्या, हिरवं. आणि उंच बांधा. बुटकं बांधलं तर खाली भट्टी होती.

---

हळदीचा_धूर | २६ एप्रिल, रात्री १०.३०

दहा फूट चालेल?

---

गुत्तेदार_बिचारा | २६ एप्रिल, रात्री १०.३१

चालतंय. पश्चिमेकडून एक पडदा पण सोडा, चारनंतर तिकडूनच येतंय.